‘मेहल’चे भाषांतर ‘श्रमदान’ करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परभाषेतल्या शब्दांची ओळख करून देणारी चौकट असते. गेल्या आठवड्यात तिच्यात आयरिश भाषेतला एक शब्द ‘मीथिअल’ असा छापला होता आणि अर्थ दिला होता ‘श्रमदान’. चौकट चांगली आहे, मुले ती कापून वहीत चिकटवतात, म्हणूनच हे पत्र. शब्दाचा उच्चार चुकला आहे आणि अर्थही निसटला आहे. खरे तर या शब्दासाठी मराठी शेतकऱ्याच्या तोंडी नेमका, जुना, बावनकशी शब्द आहे: ‘इर्जिक’, म्हणजे एकाच्या शेतातले काम एका दिवसात उरकायला गावाने जमणे. तो बाजूला ठेवून सरकारी पत्रकातला ‘श्रमदान’ उचलावा, याचे वाईट वाटते. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. पोर्तुगीज पासपोर्टावर आयर्लंडला कामाला गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांच्या हातात हाच शब्द मुलांच्या शाळेच्या पत्रातून पडतो आणि त्याचा अर्थ न कळल्याने आईबाप घाबरतात. म्हणून थोडी जास्त जागा द्यावी, ही विनंती.

आधी उच्चार. रोमन लिपीत हा शब्द एम, ई, आय, टी, एच, ई, ए, एल असा लिहितात. इंग्रजीच्या सवयीने वाचले की ‘मीथिअल’ होते. आयरिश माणूस म्हणतो ‘मेहल’. दोनच अक्षरे, जोर पहिल्यावर, ‘मे’ ऱ्हस्व. आयरिशमध्ये टीपुढे एच आला की ‘थ’ होत नाही, नुसता ‘ह’ उरतो, आणि तोही आपल्या ‘हत्ती’तल्या ‘ह’सारखा घोगरा नसतो. विसर्गाचा उच्चार करताना जसा श्वास सुटतो, तसा तो हलका निघतो. जुन्या आयरिश लिपीत टीच्या डोक्यावर एक टिंब देत. साधी रोमन अक्षरे रूढ झाली तेव्हा त्या टिंबाची जागा पुढच्या एचने घेतली. टिंब दिसले असते तर कुणीच ‘थ’ वाचला नसता.

मग मधे एवढे स्वर कशाला, असा प्रश्न पडतो. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची दोन रूपे असतात, एक जाड आणि एक बारीक. बारीक म्हणजे त्यात ‘य’ची छटा मिसळलेली. मराठीत ‘न’ आणि ‘न्य’ यांत जो फरक आहे, तसाच. व्यंजन कोणत्या रूपाचे आहे हे सांगायला त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर लिहितात, बारकाला ई किंवा आय आणि जाडाला ए, ओ किंवा यू. ‘मेहल’मधल्या टी-एचच्या अलीकडे आय आहे आणि पलीकडे ई, म्हणजे ते व्यंजन बारीक. शेवटच्या एलच्या आधी ए आहे, म्हणून तो ‘ल’ जाड. यातले बरेचसे स्वर पाटीसारखे उभे असतात, ते वाचायचे नसतात. एवढे ध्यानात आले की आयरिश शुद्धलेखनाचे निम्मे भय जाते.

देवनागरीत ‘मेहल’ हेच लिहावे. ‘म्येहल’ लिहिले तर उच्चाराच्या आणखी जवळ जाते, पण वर्तमानपत्राला ‘मेहल’ पुरे. ‘मेहेल’ नको, मधला ‘ह’ लांबतो.

आता व्याकरण. ते मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपे जावे. शब्द स्त्रीलिंगी आहे. आपण शब्दाच्या शेपटीला बदलतो, घोडा-घोड्याला, वाडा-वाड्यात. आयरिश भाषा शब्दाच्या तोंडाला बदलते. ‘अन’ हे तिथले निश्चितवाचक उपपद. ते स्त्रीलिंगी नामाआधी आले की ‘म’ मऊ होऊन ‘व’ होतो, म्हणून ‘ती मेहल’ म्हणजे ‘अन वेहल’. लिहिताना एमपुढे एच घालतात, पण ऐकणाऱ्याच्या कानावर ‘व’च पडतो. आयर्लंडात नव्याने गेलेल्याला ‘मेहल’ आणि ‘वेहल’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. ते एकच आहेत. षष्ठीत ‘मेहल्ये’ होते आणि अनेकवचनात ‘मेहल्यखा’, शेवटचा ‘ख’ घशात घासून. जमावाने केलेल्या कामाला ‘ओबर वेहल्ये’ म्हणतात. ‘ओबर’ म्हणजे काम, तेही स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्यामागून येताना पुन्हा ‘म’चा ‘व’ झाला.

वाक्य पाहा. ‘वी मेहल अगिन अन्ये.’ शब्दाला शब्द लावला तर ‘होती मेहल आमच्यापाशी काल’. इंग्रजीत जसे मालकी सांगणारे क्रियापद आहे, तसे आयरिशमध्ये नाही. वस्तू आपल्या‘पाशी’ असते, माणसे आपल्या‘कडे’ असतात. मराठीची हीच रीत. आपण ‘आमच्याकडे काल इर्जिक होती’ म्हणतो, तेव्हा वाक्याची ठेवण आयरिशचीच असते, फक्त क्रियापद आपल्याकडे शेवटी येते आणि त्यांच्याकडे सुरुवातीला. ‘ख्रिनी अन वेहल’ म्हणजे ‘जमली मेहल’. यात ‘मेहल’ या जागी ‘श्रमदान’ घालून बघा. ‘श्रमदान जमले’ असे मराठीत कुणी म्हणत नाही, कारण श्रमदान ही क्रिया आहे आणि मेहल म्हणजे माणसे. कामासाठी एकत्र आलेल्या, हातात हत्यार घेतलेल्या शेजाऱ्यांचा तो घोळका.

शब्दाचे मूळही हेच सांगते. जुन्या आयरिशमध्ये ‘मेथेल’ म्हणजे कापणी करणाऱ्यांची टोळी. वेल्श भाषेत याचाच भाऊबंद ‘मेदेल’ आहे, अर्थ तोच. दोघांच्या मुळाशी ‘कापणे, लुणणे’ या अर्थाचा फार जुना धातू आहे. लॅटिनमधले ‘मेतेरे’ त्याच धातूचे, त्यापासून ‘मेस्सिस’, आणि त्यातून पोर्तुगीजमधला ‘मेस्स’, म्हणजे कापणीला आलेले पीक. गोव्यातल्या जुन्या पिढीला हा पोर्तुगीज शब्द ओळखीचा असेल. आयर्लंडातली मेहल आणि पोर्तुगीज ‘मेस्स’ अशा चुलत बहिणी आहेत. मात्र शिगम्यातल्या आपल्या ‘मेळा’शी तिचे नाते जोडायचा मोह टाळावा. ढोल-ताशे घेऊन घरोघर जाणारा मेळ आणि विळे घेऊन शेतात उतरणारी मेहल यांचा आवाज जुळतो, चित्रही थोडे जुळते, पण ‘मेळ’ संस्कृत ‘मिल्’पासून आला आणि ‘मेहल’ कापणीपासून. लक्षात ठेवायला खूण म्हणून ठीक, व्युत्पत्ती म्हणून नाही.

आता खुद्द काम. शब्दाचा अर्थ तिथेच घडला आहे. आयर्लंडच्या ओल्या दलदलीच्या रानात हजारो वर्षे कुजून साठलेली वनस्पतींची काळी माती असते. तिच्या विटा कापून, सुकवून चुलीत जाळतात. या जळणाला इंग्रजीत टर्फ म्हणतात, आयरिशमध्ये ‘मोन्य’, आणि ती कापायला जमणारी टोळी म्हणजे ‘मेहल वोना’. वरचा गवताळ थर आधी खरवडून काढतात. मग ‘श्लान’ नावाच्या अरुंद फावड्याने कापणी सुरू होते. श्लानच्या पात्याला बाजूने काटकोनात एक पंख असतो, त्यामुळे एका दाबात विटेच्या दोन बाजू सुटतात. एकजण कापतो. दुसरा ती निसरडी, ओलीचिंब वीट हातात झेलून ढकलगाडीवर ठेवतो. तिसरा गाडी नेऊन विटा मोकळ्या जागी पसरतो. तिघांची लय एक लागते. झेलणारा मागे पडला तर कापणाऱ्याला थांबावे लागते किंवा वीट स्वतः वर फेकावी लागते, आणि फेकलेली ओली वीट फुटते. गाडीवाला सावकाश असला तर कडेला ढीग साठतो आणि खालच्या विटा दबून चिखल होतात. म्हणून नवख्याला श्लान देत नाहीत, त्याला पसरायला लावतात.

कापणी वसंतात, थंडीचे हिव संपल्यावर करतात, कारण ओल्या विटेवर हिव पडले की ती सुकल्यावर भुगा होते. पसरलेल्या विटांवर आठ-दहा दिवसांनी साय धरते. मग चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि डोक्यावर एक आडवी ठेवायची, म्हणजे वारा चारही अंगांनी खेळतो. हे काम वाकून करायचे असते आणि कंबर मोडून काढणारे असते. घाई केली तर विटा आपल्याच ओझ्याने बसतात, उशीर केला तर खालून गवत वर येते आणि जमिनीकडची बाजू ओलीच राहते. तिकडचा पाऊस आपल्यासारखा चार महिने ठाण मांडून बसत नाही. तो वर्षभर कधीही येतो. मिळालेल्या कोरड्या दिवसांत काम उरकले नाही तर हिवाळ्यात घर गार.

मळणीचे तसेच. मोठे मळणीयंत्र भाड्याने गावात यायचे आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचे. ज्या दिवशी ते आपल्या खळ्यात, त्या दिवशी पंधरा-वीस माणसे हवीतच. पेंढ्या गंजीवरून खाली फेकणारे, यंत्रावर उभे राहून पेंढीचा बंद कापणारा, ती यंत्राच्या तोंडात समान सोडणारा, धान्याची पोती बांधणारे, भुसा ओढणारे आणि पेंढ्याची नवी गंजी रचणारे. तोंडात एकदम जास्त माल गेला की यंत्र अडकते आणि वीस माणसे हात बांधून उभी राहतात, म्हणून भरणारा माणूस सर्वांत जाणता असे. त्या दिवशीचे जेवण यजमानाच्या घरी, आणि ते कसे झाले याची चर्चा पुढच्या मळणीपर्यंत चाले. कापणी आणि मळणी एकाच फेरीत उरकणारी यंत्रे आली आणि ही मेहल मोडली. दलदलीवर मात्र श्लानच्या जागी यंत्र आले तरी विटा उभ्या करायला माणसे लागतात. शेजारी, भाऊबंद, शहरातून आलेली मुले अजून त्यासाठी जमतात.

आता ‘श्रमदान’ का चालत नाही ते सांगतो. दान परत मागायचे नसते. मेहलमधले श्रम परत करायचे असतात. आज शेजारी माझ्या दलदलीत राबला, उद्या मी त्याच्या गवतात उभा. त्याची वही नसते, तास मोजत नाहीत, पण फेड असते आणि ती न करणाऱ्याला पुढच्या खेपेला माणसे मिळत नाहीत. त्याचबरोबर विधवेच्या किंवा आजाऱ्याच्या घरी कुणी फेड धरत नसे. तिथे मेहल आपसूक जाई. ही दोन्ही अंगे ज्या मराठी शब्दात आहेत, तो ‘इर्जिक’. गावातले लोक आपापले बैल-नांगर घेऊन एकाच्या शेतात दिवसभर उतरतात, शेत एका दिवसात उरकतात, आणि शेतमालक त्यांना जेवू घालतो. पुढे गरज पडली की तोही दुसऱ्याच्या इर्जिकीला जातो. मेहलला याहून जवळचा शब्द मला तरी माहीत नाही.

मग बैल आणि श्रम यांच्या अदलाबदलीची सावड? सावड वेगळी, आणि आयरिशमध्ये तिलाही वेगळाच शब्द आहे. हा योग मला फार मोलाचा वाटतो. त्या शब्दाचा उच्चार ‘कोर’, ‘को’ लांब. लिहिताना मधे एमएच आणि ए असल्यामुळे पाहणारा ‘कोम्हार’ वाचतो. जुन्या आयरिशमध्ये तो ‘कोमर’ होता, म्हणजे ‘सह-नांगरणी’. इसवी सन 700च्या सुमारास लिहिलेल्या आयरिश कायद्यात लहान शेतकऱ्याच्या मालमत्तेची मोजदाद आहे. तिच्यात त्याच्या वाट्याला नांगराचा चौथा हिस्सा येतो, तो असा: एक बैल, एक फाळ, एक पराणी आणि एक मोरकी. पुरा नांगर त्याच्याकडे नाहीच. असे चौघे एकत्र आले की जोत जुंपायचे. आपल्याकडे एक बैल असलेला शेतकरी दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो, तोच हा व्यवहार. सावड दोन-चार घरांत ठरलेली असते, मोजून असते, वर्षानुवर्षे चालते. इर्जिकीत सारा गाव येतो, ती एका दिवसाची. आयरिशमध्येही ‘कोर’ म्हणजे देवघेवीचे नाते आणि ‘मेहल’ म्हणजे त्या नात्याने त्या दिवशी उभी राहिलेली माणसे. क्लेअर काउंटीत या ‘कोर’वरून इंग्रजी बोलतानाही लोक अशा अदलाबदलीला ‘कूरिंग’ म्हणत. सहकारी संस्थेच्या आयरिश नावातही पहिला तुकडा हाच ‘कोर’ आहे.

(शेजाऱ्याला तिथे ‘कोर्सा’ म्हणतात. तो ‘कोर’मधून आल्यासारखा दिसतो, पण त्याची फोड वेगळी आहे. ‘सह’ आणि ‘दाराची चौकट’ यांतून तो बनला. ज्याची चौकट आपल्या चौकटीला लागून, तो शेजारी.)

गोव्यात मेहलचे मर्म समजवायचे तर खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा, बांध दाखवावा. खाडीची पातळी शेतापेक्षा वर, मधे चिखल-पेंढ्याने भरलेला आणि बाहेरून चिऱ्यांनी बांधलेला बांध, आणि पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस. मानशीची लाकडी दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडून आतले पाणी सोडतात. खेकड्यांनी बिळे पाडली, लाटांनी पाया खाल्ला, की एखाद्या उधाणाला बांध फुटतो. मग कामाला मिळणारा वेळ माणूस ठरवत नाही, समुद्र ठरवतो. भरती साडेबारा तासांच्या आतच पुन्हा येते. मधल्या ओहोटीचे जे चार-पाच तास हातात येतात, तेवढ्यात भगदाडाच्या दोन्ही तोंडांना आधार देऊन, खुंट ठोकून, पेंढा आणि चिकणमाती थरावर थर दाबून ते बुजवावे लागते. अर्धे राहिले तर पुढची भरती केलेलेही घेऊन जाते आणि भगदाड आधीपेक्षा रुंद करते. म्हणून जाणती माणसे अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती धरतात, तेव्हा पाण्याचा चढ कमी असतो. आठ माणसांनी पाच दिवसांत हे काम होत नाही, पण चाळीस माणसांनी एका ओहोटीत होते. एकदा खारे पाणी शेतात शिरून राहिले की दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत साधा भात येत नाही. कोरगुटासारखे खार सोसणारे वाणच तग धरतात.

ज्या कामाला निसर्गाने मुदत घातली आहे आणि जे एका घराच्या हातांनी त्या मुदतीत होत नाही, तिथे मेहल जन्मते. आयर्लंडात ती मुदत पावसाची, आपल्याकडे भरतीची. हे दान असते तर जमले तेव्हा आणि जमले तेवढे केले असते. बांधापाशी तसे चालत नाही. ज्याचे शेत भगदाडापासून सर्वांत लांब, तोही आला पाहिजे, कारण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन दिवस पुरतात. पूर्वी हे गावकरी आणि कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था, पाहत. 1964च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे आली. संघाकडे मानशीतल्या मासळीच्या लिलावाचे पैसे येतात, सरकारी मदतही येते, कंत्राटदार येतो, यंत्र येते. पण अपरात्री भगदाड पडते तेव्हा निविदा निघेपर्यंत पाणी थांबत नाही. हे लिहिण्यामागे कुणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. शब्दाचा अर्थ त्या बांधावर उभे राहिले की उमगतो, एवढेच सांगायचे आहे.

आजच्या आयर्लंडात हा शब्द केवळ शेतात उरलेला नाही. तिथले बहुसंख्य लोक रोजचे व्यवहार इंग्रजीत करतात, तरी इंग्रजी बोलता बोलता ‘शनिवारी आमच्याकडे मेहल आहे’ असे सहज म्हणतात. इथे अर्थ किंचित सरकला आहे. आयरिशमध्ये मेहल म्हणजे माणसे, इंग्रजीत मिसळल्यावर तो प्रसंगही झाला. गावाच्या बागेत रोपे लावणे, नदीकाठ साफ करणे, शाळेची भिंत रंगवणे, यालाही मेहल म्हणतात. 1958पासून चालत आलेल्या ‘टायडी टाउन्स’ या गावसजावटीच्या स्पर्धेसाठी जमणाऱ्या मंडळींनाही हा शब्द लावला जातो. अशा ठिकाणी ‘श्रमदान’ काही अंशी जुळते, हे कबूल करायला हवे. पण शब्दाची ओळख करून देताना मूळ अर्थ आधी आणि पसरलेला अर्थ मागून द्यावा.

यापुढचे आयर्लंडला मुले-नातवंडे असलेल्या घरांनी कृपया नीट वाचावे. शाळेच्या पत्रात ‘मेहल’ दिसली तर ती दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी एक असू शकते.

पहिली गोष्ट साधी. अनेक माध्यमिक शाळांत वरच्या वर्गातली काही मुले निवडून त्यांना प्रशिक्षण देतात आणि नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सांभाळायला देतात. वर्ग दाखवणे, वेळापत्रक समजावणे, एकटे पडलेले मूल हेरणे, हे त्यांचे काम. त्यांना मेहल लीडर म्हणतात. आपल्या मुलाला असा लीडर नेमून दिला असेल किंवा आपलीच मुलगी लीडर झाली असेल, तर ती आनंदाची बातमी आहे. त्यात सरकारी खात्याचा काही संबंध नाही.

दुसरी मेहल ‘तूस्ला’ची. तूस्ला ही बालक आणि कुटुंब यांच्यासाठीची सरकारी संस्था, 1 जानेवारी 2014पासून काम करते. बालसंरक्षणाचे कामही तिच्याकडेच असल्यामुळे तिचे नाव वाचताच परदेशी आईबापांच्या पोटात गोळा येतो, ‘मूल काढून नेतील का’ असे वाटते. तूस्लाची मेहल ही त्यासाठी नाही. मुलाला शाळेत जावेसे वाटत नाही, वागण्यात अडचण आहे, घरात आजारपण आहे, एकाहून जास्त ठिकाणची मदत लागणार आहे, अशा वेळी ती सगळी मदत एका टेबलाभोवती आणायची ही पद्धत आहे.

ती ऐच्छिक आहे. आईवडिलांच्या संमतीशिवाय सुरू होत नाही. आधी कुटुंबाच्या ओळखीचा एक माणूस, म्हणजे शिक्षक, परिचारिका किंवा युवक-कार्यकर्ता, ‘लीड प्रॅक्टिशनर’ होतो. तो पालकांबरोबर बसून एक फॉर्म भरतो. त्यात अडचणींइतकीच कुटुंबाची बलस्थानेही लिहायची असतात. घरात आजी राहते, मूल चांगले पोहते, मावशी जवळच्या गल्लीत आहे, हे सगळे तिथे लिहावे. आपली माणसे इथेच संकोचतात आणि ही जागा रिकामी सोडतात. मग ज्यांच्या मदतीची गरज आहे त्यांची बैठक होते. तिला पालक हजर असतात, मुलालाही आपले म्हणणे मांडता येते. कोण काय करणार हे ठरते आणि पुढच्या बैठकीत ते झाले का, हे पाहतात. गरज संपली की मेहल बंद करतात. मुलाच्या सुरक्षिततेचाच प्रश्न असेल तर त्याची वाट निराळी आहे, ती या मेहलमधून जात नाही. म्हणून फॉर्म आला की घाबरून सही करू नये आणि घाबरून फाडूही नये. ‘ही कुठली मेहल, शाळेची की तूस्लाची?’ एवढा एक प्रश्न शाळेला विचारावा. उच्चार बरोबर केला तर समोरच्यालाही बरे वाटते.

या योजनेला हे नाव मिळाले, यात मला शब्दाची ताकद दिसते. एका घराला एकट्याने न उरकणारे काम, त्यासाठी शेजारपाजारचे हात, आणि काम ज्याचे त्याच्या संमतीने आणि त्याच्याच खळ्यात. जुन्या मेहलची ही तिन्ही अंगे त्या बैठकीच्या टेबलाशी शाबूत आहेत. फेडीची अट तेवढी गळली आहे. आपल्याकडे शासकीय योजनांना नावे देताना ‘इर्जिक’ किंवा ‘सावड’ कुणाला सुचत नाही, सुचतात ती संस्कृतातून घडवलेली जोडाक्षरी नावे. ती वाचायलाच गावकऱ्याला धाप लागते. याचाही विचार व्हावा.

आपल्या चौकटीसाठी आता नेमकी विनंती. दुरुस्ती छापताना शब्द ‘मेहल’ असा लिहावा. अर्थ ‘शेतातले किंवा गावातले मोठे काम वेळेत उरकण्यासाठी जमलेले शेजारी; इर्जिकीला आलेली माणसे’ असा द्यावा. ‘कोर’ या शब्दासाठी पुढे कधी जागा मिळाली तर तिथे ‘सावड’ लिहावे, आणि दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत. मजूर लावून, रोज देऊन करून घेतलेल्या कामाला मेहल म्हणत नाहीत, हेही एका ओळीत यावे, कारण मुलांच्या वहीत ते राहील. आणि लिंग सांभाळावे. मुले वाक्यात उपयोग करतील तेव्हा ‘मेहल जमला’ किंवा ‘मेहल जमले’ असे होऊ देऊ नये. ‘मेहल जमली’ हेच बरोबर.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
डिचोली, गोवा